आत्याची वाकडी रेघ

माझ्या आत्याला सरळ रेघ मारता येत नाही. दवाखान्यातल्या मलमपट्टीच्या खोलीत तिने एकतीस वर्षं काढली, पण रेघ वाकडी ती वाकडीच. आणि तिचं सगळं काम त्या रेघेवर चालतं. जखमेभोवतीची लाली जिथे संपते, तिथे ती बॉलपेनने कडं काढते आणि शेजारी तारीख टाकते. लाली कड्याच्या आत आली तर ठीक. बाहेर पडली तर तडक डॉक्टर.

कोणी दुसऱ्याच दिवशी "बाई, सुजलंय, लाल झालंय, काहीतरी द्या" म्हणत आलं, की तिचं डोकं फिरतं. "सुजणारच. आत साफसफाईला माणसं लागलीत. त्यांना हाकलून काय तू झाडू मारणार आहेस?" पण आठ-दहा दिवसांनीही तीच लाली, तीच ऊब, तोच ठणका दिसला, की तिचा आवाज खाली येतो. "पाहुणे आले, काम केलं, आता जायचं नाव काढत नाहीत. घरच पोखरायला लागलेत."

माझे वडील तिचे धाकटे भाऊ. शिंपी. एकदा इस्त्री निसटून त्यांच्या उजव्या पावलावर पडली, करंगळीच्या मुळाशी भाजलं. त्यात साखरेचा आजार. आत्या दिवसाआड घरी येऊन पट्टी बदलायची. सहा आठवडे झाले तरी जखम जिथल्या तिथे. सर्जन म्हणाले, "लाली पसरली तर लगेच या. हाडापर्यंत गेलं तर पाऊल वाचेल असं मी सांगत नाही." वडिलांचं मशीन पायाचं. पाऊल गेलं म्हणजे आपण संपलो, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं.

मग त्यांनी जे केलं ते फक्त शिंप्यालाच सुचावं. कपडा घट्ट झाला की शिंपी काय करतो? शिवण उसवतो आणि बाहेर सरकवतो. सोमवारी आत्याने कडं काढलं होतं. बुधवारी सकाळी, आत्या यायच्या आधी, वडिलांनी गुपचूप पट्टी सोडून पाहिली, तर लाली कड्याबाहेर. त्यांनी स्पिरिटच्या बोळ्याने ते कडं पुसलं, बोटभर बाहेर नवं काढलं आणि पट्टी होती तशी बांधली. तारखेला हात लावला नाही.

शुक्रवारी आत्या आली. मी शेजारी कापूस धरून उभी होते. लाली आता त्या कड्यालाही टेकली होती. आत्याने चष्मा पुसून पुन्हा लावला.

"ही रेघ कोणाची?"

"तुझीच की, ताई."

"माझी नाही. ही कॉलरची रेघ आहे. एवढी गोलाई मला सात जन्मांत जमायची नाही."

"पाय कापतील म्हणून भ्यायलो," वडील म्हणाले.

"अरे, रेघ सरकवलीस म्हणून आतलं थांबलं का?"

ती ओरडली नाही. मला मात्र वडिलांचा इतका राग आला की हातातला कापूस चुरगळला. अर्ध्या तासात आम्ही सर्जनच्या दारात होतो. मेलेलं मांस काढलं, करंगळीही काढावी लागली. पाऊल राहिलं.

त्यानंतर आत्याने ठरवलं, हे पाऊल आता जाऊ द्यायचं नाही. साखर रोज तपासायची, दर आठवड्याला जखम साफ करून घ्यायची, आणि पायावर भार अजिबात नाही. पहिल्याच दिवशी तिने मशीनचा चामडी पट्टा काढून पर्समध्ये टाकला. वडील तिचेच भाऊ, तेवढेच हट्टी. पाय स्टुलावर ठेवून ते एका हाताने वरचं चाक फिरवायचे, दुसऱ्याने कापड सरकवायचे. एका पँटची खालची पट्टी दुमडायला पाऊण तास लागायचा. ते शिवत राहिले.

ऑपरेशननंतर बाराव्या आठवड्यात आत्याने पट्टी सोडली. सवयीने पेनचं टोपण काढलं आणि तशीच बसून राहिली. लाली नव्हती, ऊब नव्हती, नुसती कोवळी गुलाबी कातडी. तिने टोपण लावलं आणि पर्समधून मशीनचा पट्टा काढून वडिलांच्या हातात दिला. ते घाईघाईने तो चाकावर चढवू लागले.

"एक सांगायचं राहिलंय," आत्या म्हणाली. "ती तुझी रेघ मी बुधवारी पट्टी बदलतानाच पाहिली होती. मला वाटलं, आपला हात सुधारला. मनातून खूशसुद्धा झाले. ते दोन दिवस मी घालवले."

वडिलांचा हात थांबला.

"म्हणजे अर्धी करंगळी तुझ्या नावावर," ते म्हणाले.

"हो."

ती जमिनीवर बसली आणि त्यांचं चार बोटांचं पाऊल दोन्ही हातांनी उचलून मशीनच्या पायडलवर ठेवलं. "हळू मार," ती म्हणाली. पायडल हललं तरी तिने हात काढले नाहीत.