हळदीचं बोट लागलेला कागद

मी बी.एस्सी. झालो तेव्हा त्याचा अर्थ घरात कुणालाच नीट कळला नव्हता, तरी आई गल्लीभर पेढे वाटून आली. ते शिक्षण ज्या दोघांच्या कष्टावर झालं, त्यांना स्मरून सांगतो — भूतखेत, अंगात येणं, यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही नाही. पण मागच्या उन्हाळ्यात जे घडलं त्याचं उत्तर मला सापडत नाही, म्हणून इथे लिहितोय.

आम्ही शनिशिंगणापूरचे. घराला चौकट आहे, दार नाही... पडदा. मी जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात कॉम्प्युटरवर बसतो. लोकांची हेल्थ आयडी काढायची, त्यांचे रिपोर्ट स्कॅन करून त्यांच्या ऑनलाइन खात्यात टाकायचे, हे माझं काम. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात टेबल लावतो तेव्हा एखादा म्हातारा हमखास म्हणतो, "गाईच्या कानात बिल्ला ठोकला, आता आमच्या बी कानात ठोकता का काय!"

पहिली दोन खाती मी घरातलीच काढली. आई आणि आप्पांची. आप्पा साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते, मोबाईल कधी वापरलाच नाही. म्हणून दोघांच्या खात्याला, आधारलाही, आईचाच नंबर. फोन मी माझ्या पहिल्या पगारातून घेऊन दिलेला.

आईला वाचता येत नव्हतं. पण दवाखान्याचे सगळे कागद तिच्या पिशवीत असत, आणि जो कागद महत्त्वाचा त्याच्या कोपऱ्याला ती हळदीचं बोट लावायची. डॉक्टरांपुढे आख्खी पिशवी कधी उलटी करायची नाही. "मागंल तेवढाच कागद द्यायचा. बाकीच्यांचं काय काम?" मी हसायचो. "आई, घराला दार नाही आणि कागदाला एवढा पहारा?"

"घरात काय हाय चोरायला? कागदात तुझ्या बापाचा जीव हाय."

मोबाईलवरही तिचं तेच. कुठल्या डॉक्टरांनी कागद बघायची परवानगी मागितली की एकेक फोटो बोटाने सरकवत बघायची, हवा त्यावरच खूण करायची आणि मग हिरवं बटण दाबायची.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. हार्ट अटॅक. दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत ती पिशवी कुठे गेली कळलंच नाही. रिचार्ज थांबला, नंबर बंद पडला. मी आप्पांना म्हणालो, खात्याला माझा नंबर लावू.

"राहू दे. तिचा हाय तवर राहू दे."

मीही राहू दिलं. गावभर लोकांना ‘नंबर अपडेट करा’ सांगणारा मी, स्वतःच्या बापाचं काम टाळत राहिलो.

मागच्या मे महिन्यात आप्पांच्या तळपायाला खिळा लागला. त्यांना शुगर. जखम चिघळली, ताप चढला, आणि एका दुपारी ते बरळायलाच लागले. केडगावच्या एका खासगी दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांना मी ओळखू येत नव्हतो.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "अँटिबायोटिक लगेच सुरू करावं लागेल. कशाची अ‍ॅलर्जी?"

मी शाळेत असताना, उसाच्या हंगामात, बाहेरगावी आप्पांना एक इंजेक्शन दिलं होतं आणि त्यांचा श्वास बंद पडला होता. थोडक्यात वाचले. एवढं मला माहीत. इंजेक्शन कोणतं... ते त्या कागदावर. कागद मीच स्कॅन केलेला, पण तेव्हा नाव लक्षात ठेवलं नाही. आणि खातं उघडायचा ओटीपी आईच्या नंबरवर.

"मॅडम, तो नंबर बंद आहे. ती वारलीय."

"मी रिक्वेस्ट पाठवून ठेवते. दहा मिनिटं थांबता येईल, जास्त नाही."

त्यांनी पाठवली. मी वेड्यासारखा आईचा नंबर लावला. ‘आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही.’ तीनदा. सिस्टर इंजेक्शन भरून उभ्या होत्या.

तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "आलं की! मंजूर केलं कुणीतरी."

मी खुर्चीमागून वाकून बघितलं. त्या खात्यात मी स्वतः अकरा कागद टाकलेत. उघडला होता एकच. जुना, चुरगळलेला... आणि कोपऱ्यात पिवळा डाग.

मॅडमनी तो वाचला आणि मागे न बघता सिस्टरांना म्हणाल्या, "ते ठेवा. अ‍ॅलर्जी त्याचीच आहे. दुसरं काढा."

आप्पा नवव्या दिवशी स्वतःच्या पायाने घरी आले.

मग मी शोधत बसलो. आईचा फोन घरी लोखंडी पेटीत, लुगड्यांखाली जसाच्या तसा. बॅटरी फुगलेली, चार्जर लावूनही सुरू होत नाही. नंबर दुसऱ्या कुणाला मिळाला असेल म्हणावं, तर तो आजही अस्तित्वात नाही. हेल्पलाइनवरचा माणूस म्हणाला, "सर, मंजुरी खात्याला जोडलेल्या नंबरवरूनच दिलेली दिसतेय." सिस्टिमची चूक म्हणावी, तर सगळे कागद उघडायला हवे होते, नाहीतर एकही नाही. नेमका एकच कसा?

आप्पांना सांगितलं तर त्यांना नवल वाटलंच नाही. "त्यात काय? आपल्या घरात यायला तिला कडी वाजवावी लागती व्हय?"

मागच्या महिन्यात मी त्यांना केंद्रावर नेलं आणि खात्याला माझा नंबर लावला. करायलाच हवं होतं. पुन्हा तसा जीव टांगणीला लावायची माझी हिंमत नाही. आप्पांनी अंगठा दिला, पण परतताना गाडीवर मागून विचारलं, "आता तिला कसं कळंल रं?"



घरी आलो. केडगावच्या दवाखान्याचा डिस्चार्जचा कागद स्कॅन करायचा राहिला होता. स्वयंपाकघरात गेलो, डब्यातली हळद बोटावर घेतली, कागदाच्या कोपऱ्याला लावली... आणि मग त्याचा फोटो काढला.