दोरी आणि डावं चाक

तेव्हा माझं देवाशी बोलणं बंद होतं. आदल्या वर्षी लेकीचं पहिलं बाळ दगावलं, तेव्हापासून देवघरातला दिवा एकटी बायकोच लावायची. आता लेकीचे पुन्हा दिवस भरत आले म्हणून ती माहेरी आली होती, आणि दुसऱ्या दिवशी तिला आदिलाबादच्या दवाखान्यात न्यायचं होतं. अन् आमची जुनी कार! कितीही सरळ धरा, डावीकडेच ओढायची. वाटेत जंगलातली वळणं.

पौषातली सकाळ होती. अंगणात धुकं, ओसरीत आढ्याला टेकलेला कापूस, आणि त्या ढिगाला पाठ लावून लेक डोळे मिटून बसलेली. धुकं कुठं संपतं आणि कापूस कुठं सुरू होतो, कळत नव्हतं. मी कापूस लावायची दोरी काढली. स्टेअरिंग सरळ ठेवून ती मागच्या चाकाला टेकवली, पुढे ताणली, आणि पुढच्या चाकाच्या दोन्ही कडा दोरीपासून किती दूर आहेत ते पट्टीनं मोजलं. दोन्ही अंतरं जुळली की चाक सरळ, एवढं मला ठाऊक. पण गाडी जरा ढकलून पुन्हा मोजलं की डाव्या चाकाचं माप वेगळंच! जन्मभर याच दोरीनं ओळी पाडल्या, एक रोप वाकडं नाही. म्हणून सगळा राग दोरीवर निघाला. तिला भिजवली, पीळ काढला, पुन्हा ताणली.

"अजी, दोरीवर काऊन चिडून राह्यले?" बायको म्हणाली. "आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी!"

तेवढ्यात धुक्यातून पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली, एकामागे एक, अनवाणी. नागोबाच्या जत्रेला पायी निघालेले गोंड. पावलांचा आवाजसुद्धा नव्हता. त्यातले एक म्हातारबा पाणी मागायला थांबले. त्यांनी दोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दोरी खरंच सांगते, दादा. तुमचं चाकच हलून राह्यलं."

टायर दोन्ही हातांनी धरून त्यांनी हलवलं. आत खट् झालं. मग बायकोनं आणलेलं पाणी पिऊन, लोटा खाली ठेवून ते ओळीत मिसळून गेले.

उटनूरहून मिस्त्री आला. चाकाला स्टेअरिंगशी जोडणारा सांधा झिजून निखळायला आला होता. "काका, वळणावर गेलं असतं," तो म्हणाला. माप कसंबसं जुळवून, नट आवळून, मी लेकीला त्याच गाडीत घालून निघणार होतो!

नवा सांधा बसला, गाडी सरळ चालली, आणि तिसऱ्या दिवशी नात झाली. रडली, चांगली ठणठणीत रडली. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून तिच्याहून जास्त रडलो.

पुढं जत्रेत त्या म्हातारबांना शोधत फिरलो. शेकडो पांढरी पागोटी, प्रत्येक चेहरा तोच वाटायचा. शेवटी सगळ्यांनाच हात जोडले. वर्षभर मी देवाचीच मापं काढत होतो, हलत होतो मीच. हे कळायला त्यानं एका तहानलेल्या माणसाला माझ्या दारात उभं केलं, असं मी मानतो.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी देवघरापाशी जाऊन उभा राहिलो. बायकोनं काडेपेटी माझ्या हातात दिली.