अज्जा, लाल

मला स्कूटरची भीती वाटते आणि ती मी लपवत नाही. आमचं घर बंगळूरमध्ये, यशवंतपूरला. दाराबाहेर पाऊल टाकलं की बसेस, टँकर, उलट्या बाजूने घुसणारे रिक्षावाले. म्हणून मी ऑफिसला कॅबने जाते. पण माझी सहा वर्षांची मुलगी रोज माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या स्कूटरवर पुढे उभी राहून शाळेत जायची. अण्णांनी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातली सगळी नोकरी स्कूटरवर केली, कधी साधं खरचटलंसुद्धा नाही. त्यांना नको म्हणायची माझी काय बिशाद.

त्या दिवशी शाळेत पालकसभा होती, म्हणून मीही जीव मुठीत धरून मागे बसले. निघाल्यापासून पोरीची टकळी सुरू. "अज्जा, खड्डा. अज्जा, गाय. अज्जा, लाल." कन्नड शेजारात वाढलेली, आजोबांना ती अज्जाच म्हणते. दर वेळी अण्णा "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणायचे आणि ब्रेक दाबायचे. मला वाटलं, दोघांचा खेळ चाललाय. भीतीने आधीच डोकं ठणकत होतं, त्यात ही बडबड. शेवटी मी खेकसले, "अगं बये, गप्प बस जरा. अज्जांना नीट चालवू दे."

ती गप्प बसली.

पुढच्या चौकात दिवा लाल होता. मला लांबूनच दिसला. आता थांबतील, आता थांबतील म्हणेपर्यंत अण्णा सरळ आत शिरले. उजवीकडून पाण्याचा टँकर आला. मी अण्णांच्या काखेतून हात घालून पोरीचा फ्रॉक घट्ट धरला आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा टँकर हातभर अंतरावर उभा होता. ड्रायव्हर वरून शिव्या घालत होता. घालू दे, म्हटलं. ऐकायला आम्ही होतो.

स्कूटर कडेला घेतल्यावर मी उतरले. "लाल दिसला नाही तुम्हाला?" मी ओरडलेच. पोरगी रडवेली होऊन म्हणाली, "मी रोज सांगते ना लाल. आज तूच गप्प बस म्हणालीस."

रोज. मी कॅबमध्ये फोन बघत बसलेली असताना, रोज.

"आणि हिला सोडून एकटे परत येताना?" मी विचारलं.

"पुढचा थांबला की थांबतो," अण्णा म्हणाले. "स्वल्प धुरकट दिसतं, एवढंच. तुला सांगितलं असतं तर गाडी काढून घेतली असतीस."

मला त्यांचा इतका राग आला होता की रडू येईना. मी हात पुढे केला आणि म्हटलं, "किल्ली द्या."

त्यांनी वाद घातला नाही. किल्ली काढून माझ्यापुढे धरली. माझ्या हातापासून वीतभर बाजूला, नुसत्या हवेत, आणि मी घेईन म्हणून तशीच धरून उभे राहिले. मी माझा हात तिथे नेला.