पहिलं मेंढरू पार कुणी नेलं?

कुरकुंभच्या केमिकल कंपनीत मी लॅबमध्ये आहे. शिफ्ट सांभाळून मी कादंबरी लिहिली आणि ती छापून आली, हे मी मिरवूनच सांगणार. त्यात कसली लाज?

कादंबरी गोऱ्यांनी आमचा मुलूख जिंकला त्या दिवसांची. एका इंग्रज अधिकाऱ्याच्या जुन्या आठवणींत आहे, की फौजेच्या पोटासाठी त्यानं धनगरांची मेंढरं धरली आणि शिपायांकरवी घोड नदीपार नेली. धनगर म्हणे भिऊन पळाले. पुढच्या शहाण्यांनी तेच उतरवून घेतलं. मीही घेतलं, फक्त पळणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणलं आणि स्वतःवरच खूश झाले.

पुस्तक छापायला जाण्याआधी निमोण्याला माहेरी गेले तेव्हा आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते प्रकरण वाचून दाखवलं. त्यांना वाचता येत नाही. अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं, आता कांदा करतात. शिपाई चाबकानं मेंढरं पाण्यात हाकतात, इथवर आले आणि आबांनी मला थांबवलं.

"धनगराची लेक ना गं तू? मेंढरू मारून पाण्यात जातं व्हय?"

"मग कसं जातं, आबा?"

"म्होरल्याला उचलून पल्याड न्यावं लागतं. त्ये तिकडनं वरडलं, की बाकीची उतरत्यात. त्येबी वळखीच्या मानसानं नेलं तर. तुज्या शिपायांचं कोन ऐकतंय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण रात्रभर डोक्यात एकच घोळत राहिलं. धनगर पळाले असतील, तर मेंढरं पार गेलीच नसणार. अधिकाऱ्याच्या दोन गोष्टींतली एक तरी थाप होती, आणि ती आजवर कुणाला दिसली नव्हती. मी प्रकरण फाडून पुन्हा लिहिलं. माझे धनगर काठावर हाताची घडी घालून उभे राहिले आणि फौज दिवसभर अडून बसली. आबांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"आता आपली मान्सं वाटत्यात," म्हणाले.

पुढं पुस्तक आल्यावर दौंडच्या वाचनालयात त्यावर कार्यक्रम झाला. इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक उठले. "कल्पना छान आहे, बाई. पण पुरावा? धनगर पळाले, असं त्या अधिकाऱ्यानं तर स्वतः लिहून ठेवलंय."

मी गप्प राहिले, तर आमची माणसं पुन्हा पळपुटी ठरणार होती, तीही माझ्यासमोर. एवढ्यात पहिल्या रांगेतून आबा उठले. टोपी नीट केली.

"सर, तुमी कवा मेंढरं नदीत घातली का?"

"नाही, आबा."

"त्या सायबानंबी न्हाई घातली. त्यानं लिवलं, तुमी मानलं. आता माज्या लेकीनं लिवलंय."