अर्धं जावळ

वरकुट्यात डॉक्टर प्रियदर्शनी चंदनशिवे यांच्या औषधापेक्षा त्यांच्या तोंडाचा धाक मोठा. वीस-बावीस वर्षं त्यांचा दवाखाना तिथं आहे. लहान पोरांचा वेगळा डॉक्टर गावात नाही; आज्याच्या गुडघ्यापासून नातवाच्या जुलाबापर्यंत सगळं त्यांच्याकडंच. तापाच्या पोराला स्वेटर-टोपडं घालून आणलं की आधी आणणाऱ्याला झापायचं, मग पोराला तपासायचं. कुणी म्हणालं, "मॅडम, एक सुई मारा, लगीच गुण येतो," की त्या म्हणणार, "तुम्हालाच मारते, या इकडं." लोक हसतात आणि पुन्हा त्यांच्याकडंच येतात.

पोरगं आत आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "घरातलं मोठं माणूस कोण आलंय?" जे सांगायचं ते त्या मोठ्या माणसाला. गाडी काढणार तो, इंदापूर की बारामती ते ठरवणार तो. सुनेला सांगून ती पुन्हा त्यालाच विचारणार, मग मधे तिला कशाला घ्या? इतका साधा विचार, आणि इतक्या वर्षांत तो त्यांना एकदाही खटकला नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी नातवाला दाखवायला अप्पा आले. मागं सून उत्कर्षा, तिच्या कडेवर दहा महिन्यांचा ऋषिराज. छातीला नळी लावायच्या आधीच डॉक्टरांना कळलं. नाकपुड्या फुलत होत्या आणि दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. न्यूमोनिया. उत्कर्षाला त्यांनी आतल्या खोलीत बाळाला मशीनची वाफ देत बसवलं आणि बाहेर येऊन अप्पांना म्हणाल्या, "हे माझ्या हाताबाहेरचं आहे. याला ऑक्सिजन लागणार. आत्ताच्या आत्ता बारामतीला न्या. मी तिथल्या डॉक्टरांशी बोलते."

"व्हय मॅडम. गाडी दारातच हाय," अप्पा म्हणाले.

गाडी दारातच राहिली. कारण दुसऱ्या दिवशी ऋषिराजचं जावळ होतं. देवळापुढं मांडव पडला होता, बोकड आणून बांधले होते, कारखान्याचे एक संचालक येतो म्हणाले होते. चौकात फ्लेक्स लागला होता आणि त्यावर दहा महिन्यांचं ते पोर काळा गॉगल लावून उभ्या गावाला आशीर्वाद देत होतं. एवढा थाट मोडायचा कसा? एका दिवसानं काय होतंय, असं अप्पांनी मनाशी ठरवलं. आपल्याकडं माणसं श्वासापेक्षा मांडवाला जास्त जपतात, ती अशी.

डॉक्टरांनी सकाळी बारामतीला फोन केला तर उत्तर आलं, असं कुठलं बाळ आलेलंच नाही. तेवढ्यात देवळाकडून स्पीकरवर ऋषिराजच्या जावळाचा पुकारा सुरू झाला. डॉक्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर बसलेले पेशंट तसेच टाकून त्यांनी गाडी काढली.

मांडवात त्या शिरल्या तर माइकवरून आवाज आला, "आपल्या कुटुंबाच्या डॉक्टर मॅडम आलेल्या आहेत, त्यांचा सत्कार!" एकजण शाल-नारळ घेऊन पुढं धावला. त्याला बाजूला सारून त्या थेट पुढं गेल्या. उत्कर्षाचा भाऊ माऊली मांडीवर भाच्याला घेऊन बसला होता. डोक्याचा एक भाग भादरून झाला होता. बाळ रडत नव्हतं, आणि सगळे त्याला शहाणं म्हणत होते. त्याचे ओठ निळसर पडले होते. रडायला लागणारा श्वासच त्याच्यात उरला नव्हता.

"वस्तरा बाजूला घ्या. माऊली, पोर माझ्याकडं दे."

अप्पा आडवे आले. "मॅडम, अर्धं जावळ सोडून उठत न्हाईत. अपशकून हाय. दहा मिन्टं थांबा."

"अर्धं राहिलेलं जावळ पुन्हा काढता येतं, अप्पा. पोरगं गेलं तर कुठलं काढाल? माझ्या वाटेतनं बाजूला व्हा, नाहीतर माइक घेऊन सगळ्या पाव्हण्यांना सांगते तुम्ही काल काय केलंत ते."

अप्पा बाजूला झाले. कळवळ्यानं नव्हे, माइकच्या भीतीनं.

उत्कर्षा बाळाला घेऊन अनवाणीच गाडीत बसली. वाटेत ती फक्त बाळाच्या छातीकडं बघत होती आणि डॉक्टर स्टिअरिंग धरून तिच्या सासऱ्याला, त्या संचालकाला, त्या फ्लेक्सला शिव्या घालत होत्या. बारामतीत पोचताच बाळाला आत नेऊन ऑक्सिजन लावला. मग बाहेरच्या बाकाशी उरलासुरला सगळा राग उत्कर्षावर निघाला.

"तू आई ना गं त्याची? मी काल स्पष्ट सांगितलं होतं, आत्ताच बारामतीला न्या म्हणून. तरी तू पोराला मांडवात बसू दिलंस?"

उत्कर्षा त्यांच्याकडं बघतच राहिली. "कुणाला सांगितलं?"

"अप्पांना," डॉक्टर म्हणाल्या.

"मामंजी म्हणाले, मॅडम म्हणत्यात साधा कफ हाय, वाफंनं सुटंल. मी रातभर त्याला उभा धरून बसले व्हते. तुमी म्हणालाय म्हणून गप बसले. न्हायतर पोर पदरात घेऊन एकटी निघाले असते." तिचा आवाज चढला. "माझ्या पोराचं तुमी मला का न्हाय सांगितलं? मी तितंच व्हते की, आतल्या खोलीत. तुमीच बसवलं व्हतं."

सकाळपासून ज्याच्या-त्याच्यावर निघालेला राग आता डॉक्टरांच्याच छातीवर येऊन बसला. बाईमाणूस असून आपण दर वेळी बाईला आत बसवत आलो, आणि पोराचा जीव पुरुषांच्या हाती देत आलो. अशा किती जणी आत बसवल्या असतील, याचा त्यांना विचारही करवेना.

बऱ्याच वेळानं तिथले डॉक्टर बाहेर आले आणि ओळखीनं प्रियदर्शनीबाईंशी बोलायला लागले.

"मला नको, हिला सांगा," त्या म्हणाल्या. "ही आई आहे."

बारामतीच्या डॉक्टरांनी उत्कर्षाला सांगितलं: श्वास थोडा सुधारतोय, पण धोका टळलेला नाही, आजची रात्र बघावी लागेल. तिनं दोन प्रश्न विचारले. उत्तरं नीट ऐकून घेतली.

तेवढ्यात अप्पा आले, डोक्यावर फेटा तसाच. सुनेला ओलांडून ते सवयीनं प्रियदर्शनीबाईंपुढं उभे राहिले. "काय म्हणत्यात मोठं डॉक्टर?"

"तिला विचारा," प्रियदर्शनीबाई म्हणाल्या. "तिला सगळं माहीत आहे."

अप्पांनी आजवर सुनेला चहा सोडून काही विचारलं नव्हतं. ते वळले, घुटमळले, फेटा काढून हातात धरला. "पोरी, कसा हाय गं त्यो?"

उत्कर्षानं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. उत्तर द्यायची तिला काहीच घाई नव्हती.