रागाचं रडू

मला राग आला की रडू येतं. सांगायला लाज वाटते, पण लपवून उपयोग नाही, कारण पुढचं सगळं त्यातूनच सुरू झालं. दुःखाचं रडू मला फारसं येत नाही. रागाचं मात्र लगेच येतं. आधी कानशिलं तापतात, मग समोरचा काय बोलतो ते ऐकू येईनासं होतं, आणि दोन पानं भरतील एवढे मुद्दे तोंडाशी आलेले असताना डोळ्यांतून धार लागते. समोरच्याला वाटतं, बाई विरघळली.

मी सोलापुरात गिरणीकामगार बायकांसाठी पत्रकं लिहिते आणि फाटकावर उभी राहून वाटते. कागदावर मी कुणाला भीत नाही. पण त्या वेळी काम कागदाचं नव्हतं, मॅनेजरच्या तोंडावर बोलायचं होतं.

त्या गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात विणकर घरातली एक तेलुगू बाई होती. तिची मुलगी तीन महिन्यांची. सकाळचा भोंगा झाला की फाटक बंद, ते संध्याकाळी उघडायचं. दुपारच्या सुट्टीत सासू नातीला घेऊन फाटकापाशी यायची. आई आत, लेक बाहेर, मधे लोखंड. लेकीचा आवाज ऐकून आईची चोळी भिजायची आणि लेक उपाशीच परत जायची. आळीतल्या बायका म्हणत, अफूची बाळगोळी दे, दिवसभर निजेल, सगळ्याच देतात. ती देत नव्हती. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाली, "पहिल्याला दिली होती. निजलं ते निजलंच."

मागणी एवढीच होती. मोठ्या फाटकात जो छोटा दिंडीदरवाजा आहे, तो दुपारी आणि चारच्या सुमारास पाव-पाव तास उघडावा. आयांनी दारातच लेकरं पाजावीत.

मॅनेजर आदबशीर माणूस. खुर्ची दिली. म्हणाला, "बाई, मशीनं काही बायकांच्या सोयीनं चालत नाहीत."

"मग लेकरांनी मशीनच्या सोयीनं भूक लावून घ्यायची का?" एवढं मी बोलले. पुढचं वाक्य तयार होतं. ते आलं नाही, रडू आलं. मॅनेजरनं पाण्याचा पेला पुढं सरकवला. "पाणी प्या. आपण शिकलेल्या आहात, इतकं मनाला लावून घेऊ नये. शनिवारी या, बघू." हेडक्लार्क कागदात तोंड घालून हसत होता.

बाहेर व्हरांड्यात ती आई माझी वाट बघत उभी होती. माझं तोंड बघून म्हणाली, "अक्का, तुमी रडलात व्हय? आता त्यो म्हनंल, रडायलाच आल्या हुत्या."

म्हणजे न रडण्याचं शिक्षण घ्यायला माझ्या हाती आठ दिवस होते.

मी वही घेतली. इतके दिवस मी लोकांना विचारत आले ते कामाचे तास, सुट्टी, मुकादमाच्या शिव्या. डोकं फिरतं तेव्हा तुम्ही काय करता, हे कधी कुणाला विचारलं नव्हतं. ‘शांत राहा’ हा पोट भरलेल्यांनी उपाशी माणसाला दिलेला उपदेश आहे, असं मी छापून वाटलं होतं. त्यातलं निम्मं आजही मला खरं वाटतं. पण गिरणीतल्या बायका दिवसभर त्या आवाजात, मुकादमाच्या तोंडासमोर उभ्या राहतात आणि माझ्यासारख्या कोसळत नाहीत. त्यांच्याकडं नक्की आहे तरी काय, हे मला कळून घ्यायचं होतं.

पहिलं उत्तर त्या आईचंच. अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायची, एका हाताची बारा झाली की पुन्हा पहिल्यापासून. मी ते दूधवाल्यावर करून पाहिलं. दुधात पाणी होतं आणि तो शपथा घेत होता. मी सात पेरांपर्यंत गेले, तेवढ्यात त्यानं आणखी एक शपथ घेतली. माझी मोजणी चुकली आणि मला दुधाचा आणि मोजणीचा असा दुप्पट राग आला.

खानावळ चालवणारी एक बाई म्हणाली, "पंगत वरडाय लागली की मी निसती तव्यावरची भाकरी बघते. एकच. ती फुगूस्तोवर मला कुनी दिसत न्हाय." हे मला आवडलं, पण माझ्यापुढं तवा नव्हता.

सात रस्त्याच्या चौकात एका टांगेवाल्याची घोडी मोटारीच्या भोंग्याला बिचकली. मी आत बसले होते. त्यानं लगाम पुढं ओढला नाही. खाली उतरला, घोडीला दोन पावलं मागं नेली, आणि मग ती आपणहून चालू लागली. मी विचारलं, असं का?

"आगे खींचे तो और बिचकती बाई. पैले पिछे लेव, फिर अपने आप चलती."

"आणि माणसाचं?"

"आदमी का बी वोइच. पन आदमी पिछे हटता नै, उसकू शरम आती."

मी वहीत लिहून घेतलं आणि समासात टीप टाकली, ‘मागे हटणे मान्य नाही.’ आता ती टीप वाचून माझी मलाच गंमत वाटते.

गुरुवारी सकाळी मी त्या आईच्या आळीत गेले. तिच्या सासूला विचारायचं राहिलं होतं. आळीभर ताणा लावलेला होता. विणायच्या आधी उभे धागे असे रस्त्यात लांबच लांब ताणतात, बांबूच्या टेकूंवर ठेवतात, आणि खळ लावून कुंच्यानं झाडतात. उन्हानं खळ वाळायच्या आत तुटलेला प्रत्येक धागा सापडून जोडला गेला पाहिजे. वाळला की धागे एकमेकांना चिकटतात आणि ताणा वाया जातो. मी काखेत छत्री धरून कडेकडेनं चालले होते, आणि वळताना छत्रीचं टोक ताण्यात शिरलं.

पंचवीस-तीस धागे गेले. मी छत्री ओढली, आणखी गेले. मग मी खाली बसून तुटलेली टोकं गोळा करायला लागले. ओल्या खळीनं बोटं बुळबुळीत झाली, एकाचं टोक दुसऱ्याला जोडलं, आणि कानशिलं तापायला लागली.

"आगु, आगु," सासू ओरडली. थांब, थांब. तिनं माझं मनगट धरून हात बाजूला केला. "सोड पोरी. तू जोडू नको."

"माझ्याकडून तुटलंय, मीच जोडते."

"म्हणूनच तू नको."

तिनं मला ओढत आळीच्या टोकाशी नेलं. तिथं ताण्याचा शेवट दोरानं खुंटीला बांधलेला असतो. तिनं दोर सोडून माझ्या हातात दिला. म्हणाली, मागं रेल, टाचा रोव, मी हात वर केला की जरा सैल सोड. मला ती शिक्षा वाटली. मी तसं म्हणूनही दाखवलं.

ती हसली. "शिक्षा कशाची? हितं सगळ्यांचंच तुटतं. ज्याच्या हातून तुटलं त्याचा हात घाईत असतो, त्यो आणखी तोडतो. म्हणून त्यानं दोर धरायचा. दोर धरायला कुनी तरी लागतंच की."

अर्धा-पाऊण तास मी दोर धरून मागं रेललेली उभी होते. खांदे भरून आले. पण त्या ओढीत काहीतरी होतं. संपूर्ण अंगाला एकच काम होतं, आणि ते केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की मला ऐकू येतंय. कुंच्याचा आवाज, बायकांचं आपसातलं तेलुगू, कुणीतरी माझ्या छत्रीवर केलेली थट्टा. सासू आणि तिची जाऊ दोघी धागा धागा उचलत होत्या, जोडी सापडली की पुढं सरकत होत्या. ताणा वाचला.

मी वहीत लिहिलं ते एवढंच: ‘मॅनेजरपुढं माझ्याकडून तुटलं.’

शुक्रवारी मी त्या आईला सांगितलं, उद्या तू बोलायचंस.

"मला मराठी धड येत न्हाय."

"त्याला तेलुगू येत नाही. फिटंफाट."

"आणि तुमी काय करनार?"

"मुलगी धरीन."

शनिवारी मॅनेजर माझ्याकडं बघून म्हणाला, "बोला." मी म्हणाले, "मी बोलणार नाही. या बोलतील." सगळ्या आयुष्यात इतकं जड वाक्य मी बोललेले नाही. मग भिंतीला पाठ लावली आणि मुलीचं वजन छातीवर घेतलं.

ती म्हणाली, "साहेब, दुपारची सुट्टी कुनाची? माझी का तुमची?"

"तुमचीच."

"माझ्या सुट्टीत मी दारात बसले तर मशीन थांबतंय का?"

"दार उघडलं की बायका घरी जातील आणि वेळेवर यायच्या नाहीत."

"कुटं जातील? दारातच बसनार की. पाय आत, पाठ आत, फकस्त पोरगी भाईरनं येनार. तुमचा शिपाई बघत बसू दे." मग थांबून म्हणाली, "न्हाय, बघू नगो. त्यानं पाठ करून बसावं."

हेडक्लार्कला हसू आवरलं नाही, पण या वेळी तो आमच्या बाजूनं हसला. मॅनेजरनं विचारलं, अशा बायका किती? "सात हायत. मोजून घ्या," ती म्हणाली.

"बघू," तो म्हणाला. तो शब्द ऐकला आणि माझ्या डोळ्यांना धार लागलीच. आठ दिवसांचं शिक्षण तिथंच संपलं. पण माझ्याकडं कुणी बघतच नव्हतं. सगळे तिच्याकडं बघत होते. मी रडत उभी होते, मुलगी माझ्या ओल्या गालावर पंजा मारत होती, आणि बोलणं चाललं होतं. रडू आवरता आलं नाही. पण त्यानं आमचं काही बिघडवलंही नाही.

"बघू नगो साहेब, सांगा," ती म्हणाली. "दुपारचं दूध न्हाय मिळालं तर सोमवारी सकाळी तिला अफूची गोळी दिऊन यावं लागंल."

त्यानं टाक उचलून कागदावर सातचा आकडा लिहिला. मग म्हणाला, दुपारी पाव तास. चार वाजता नाही. का नाही, याचं कारण त्यानं दिलं नाही, आणि तेव्हा मला असा संताप आला की मी मुलीला घट्ट धरून भिंतीत आणखी रेलले.

सोमवारी दुपारी दिंडीदरवाजा उघडला. सातही जणी उंबऱ्यापाशी बसल्या. पहारेकरी खरोखरच पाठ करून उभा होता, मात्र हातात घड्याळ होतं. मला खात्री आहे, पाव तास व्हायच्या आधीच तो दार लोटायला लागला. मी पुढं झाले, नियम सांगू लागले, आणि कानशिलं तापायला लागली.

त्या आईनं उंबऱ्यावर पाऊल आडवं ठेवलं होतं, त्यामुळं दार लागत नव्हतं. मुलगी पीत होती. आईनं मान वर केली नाही.

"अक्का, तुमी तिकडं सावलीत बसा," ती म्हणाली. "हिचं अजून हुयाचंय."

मी समोरच्या लिंबाखाली जाऊन बसले, आणि चार वाजताच्या पाव तासाचं पत्रक लिहायला घेतलं.