ट्रिना हेस्लरची दोन कॉलेजं

ट्रिना हेस्लरला दोन्ही कॉलेजांनी घेतलं, तेव्हा यातलं कुठलं निवडणार असं गावात तिला कुणी विचारलंच नाही. सगळ्यांच्या लेखी ते ठरलेलं होतं. डॉक्टर थॉर्प टेनेसीच्या ज्या कॉलेजात शिकले तिथं ती जाणार, ऑप्टोमेट्रीची, म्हणजे डोळे तपासून चष्मे देण्याची, पदवी घेऊन नेब्रास्कात परत येणार आणि म्हाताऱ्याचं क्लिनिक हातात घेणार. पेट्रोल पंपावरची बाई तर तिला आतापासूनच ‘डॉक्टरीणबाई’ म्हणायला लागली होती.

त्या टापूत डोळे तपासणारा माणूस थॉर्प एकटाच. सगळीकडे साखरबीटची शेतं, सदान्‌कदा वाहणारं वारं आणि चुरचुरणारे डोळे. ट्रिना आधीचं साधं कॉलेज संपवून घरी आली आणि त्यांच्याकडेच मदतनीस म्हणून लागली. चष्म्याच्या दांड्या वाकवून कानावर नीट बसवायच्या, पोरांना अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवायचं, म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत थेंब घालायचे. थॉर्प म्हणायचे, “तुझा हात हलका आहे. ही हट्टी माणसं मला डोळ्याजवळ येऊ देत नाहीत, तुला देतात. हे काही शिकवून येत नाही.” अर्ज करायला त्यांनीच तिला भरीला घातलं होतं.

हिवाळ्यात ती टेनेसीला जाऊन आली. माणसं मोकळी होती. तिथल्या मुलींनी तिला जेवायला नेलं, एकीनं तर खोली भागीत घेऊ म्हणून सांगून टाकलं. गाव ऐसपैस पसरलेलं, ज्याची त्याची गाडी. ट्रिनाचं मन जवळजवळ बसलं. शिकागोला ती गेली ती केवळ आईमुळे. आई म्हणाली, “त्यांनीही घेतलंय ना तुला? मग बघून तरी ये. दुकानात शिरल्याशिवाय नको म्हणू नये.”

शिकागोच्या कॉलेजानं त्या दिवशी प्रवेश मिळालेल्या सगळ्यांना बोलावलं होतं. खालच्या मजल्यावर दुसऱ्या वर्षाची मुलं यंत्रं मांडून बसली होती आणि पाहुण्यांच्या डोळ्यांच्या आतल्या पडद्याचे फोटो काढून त्यांनाच दाखवत होती. थट्टामस्करी चालली होती. ट्रिनाची पाळी आली. तिनं हनुवटी टेकवली, लख्ख उजेड चमकला आणि पडद्यावर चित्र उमटलं. नारिंगी गोलाच्या कडेकडेनं काळ्या किरच्या पसरल्या होत्या, कोळशाचा चुरा सांडावा तशा. हे चित्र तिनं थॉर्पांच्या कपाटातल्या जाडजूड पुस्तकात पाहिलं होतं.

“अहो, नमुन्याचं चित्र लागलंय तुमच्याकडून,” ती हसत म्हणाली.

यंत्रावरची मुलगी हसली नाही. तिनं दुसऱ्या डोळ्याचा फोटो काढला. त्यातही तेच. मग ती उठली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “जरा बसता का? मी बाईंना बोलावते.”

डॉक्टर पेट्राकिस ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी ट्रिनाला वेगळ्या खोलीत नेलं, थेंब घालून बराच वेळ डोळ्यांत पाहिलं, नजरेचा घेर मोजला.

“सिनेमा सुरू झाल्यावर आत गेलात, तर खुर्ची शोधताना त्रास होतो?”

“होतो. सगळ्यांनाच होतो ना.”

“सगळ्यांना नाही होत,” बाई म्हणाल्या.

त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. ट्रिनाला ते माहीत होतंच. आधी रात्रीचं दिसणं जातं, मग कडेचं, मधलं बहुधा सगळ्यात शेवटी.

“माझं मधलं किती टिकेल?”

“सांगता आलं असतं तर सांगितलं असतं. कुणाचं साठी ओलांडून टिकतं, कुणाचं चाळिशीतच आक्रसतं. आज तुमचं मधलं उत्तम आहे. घरात कुणाला आहे हे?”

“नाही,” ट्रिना म्हणाली. फारच पटकन म्हणाली.

बाहेर बाकीची मुलं केक खात कॉलेजांची तुलना करत होती. कुणीतरी तिला विचारलं, “तुझं काय ठरलं मग? इथं की तिकडं?” थेंबांमुळे तिला विचारणाऱ्याचा चेहरासुद्धा धड दिसत नव्हता.

डेन्व्हरच्या विमानतळावर आई न्यायला आली होती. कायम आईच यायची. बाबांना शहरातली रहदारी सोसत नाही, असं घरात म्हणायची पद्धत होती. तासन्‌तासांच्या त्या रस्त्यावर आई बोलत राहिली आणि ट्रिना हूं हूं करत बाबांना आठवत राहिली. बीट काढायच्या दिवसांत सगळे ट्रक रात्रीपर्यंत धावायचे, बाबा, म्हणजे ड्वेन हेस्लर, मात्र अंधार पडायच्या आत घरात. ‘कोंबड्यांबरोबर झोपणारा माणूस’ अशी त्यांची चेष्टा व्हायची आणि तेही हसून ती झेलायचे. ओसरीची पायरी ते पायानं चाचपून मग उतरायचे. गुडघे दुखतात म्हणून, असं ती समजत आली होती.

दुसऱ्या दिवशी बाबा शेडमध्ये पेरणीच्या यंत्राला वंगण देत होते. बाहेर ऊन, आत अंधूक. ती दारात उभी राहिली.

“बाबा, इथं आत तुम्हाला दिसतं का?”

“अख्खा जन्म गेला या शेडमध्ये. दिसायची गरज काय?”

“मी चेष्टा करत नाहीये. शिकागोत माझे डोळे पाहिले त्यांनी. मला रातांधळेपणाचा आजार आहे, पडद्याचा. वाढत जाणारा.”

त्यांच्या हातातलं अवजार थांबलं. मग म्हणाले, “एल्डननं सांगितलं वाटतं तुला. शब्द दिला होता त्यानं मला.”

ट्रिनाला आधी कळेचना. मग कळलं. एल्डन म्हणजे डॉक्टर थॉर्प.

“डॉक्टरांना माहीत होतं? तुमचं?”

ड्वेन बियाण्याच्या पोत्यावर बसले. “माझ्या काकांना होतं. मला आहे. गॅरीलाही असणार.” गॅरी त्यांचा धाकटा भाऊ, ट्रिनाच्या जन्माआधीच संध्याकाळी रेल्वेच्या फाटकावर आगगाडीच्या धडकेत गेलेला. “लोक म्हणाले प्यायला होता. गॅरी पीत नसे गं. पण आंधळा म्हणण्यापेक्षा प्यालेला म्हटलेलं आम्हाला परवडलं. मला वाटायचं, पोरींना होत नाही हे.”

“आणि तुम्ही अजून ट्रक चालवता.”

“दिवसाच.”

“दिवसासुद्धा कडेचं दिसत नाही तुम्हाला. मागच्या हंगामात शेजाऱ्यांचं कुंपण उगाच नाही पाडलंत.”

“मग काय करू?” ते एकदम कडाडले. “घरात बसून तुझ्या आईला भाज्या चिरून देऊ? ट्रक सोडला तर मी कोण उरतो, ते सांग आधी.” तिनं चाव्या मागितल्या. त्यांनी दिल्या नाहीत.

तिथून ती थेट क्लिनिकमध्ये गेली. थॉर्प दुपारच्या जेवणाचा पाव उलगडून बसले होते. तिचा चेहरा पाहून त्यांनी तो पुन्हा कागदात गुंडाळला.

“ड्वेननं सांगितलं?”

“माझ्या डोळ्यांनी सांगितलं. शिकागोत.”

थॉर्प खाली बघू लागले. “रोग्याची गोष्ट रोग्याजवळच ठेवायची असते, ट्रिना. तुलाही मी हेच शिकवलंय.”

“आणि मी कुणाची गोष्ट होते? लहानपणापासून तुम्ही माझे डोळे तपासता. इतकी वर्षं त्या खोलीत आपण दोघं काम करतो. एकदा तरी माझ्या पडद्याचा फोटो का नाही काढलात? बाबांचं माहीत असून?”

“तू शाळेत होतीस तेव्हा पाहिलं होतं. स्वच्छ होतं सगळं.”

“आणि नंतर?”

“नंतर नाही पाहिलं.” म्हाताऱ्याचा आवाज अगदी बारीक झाला. “धीर झाला नाही. दरवर्षी म्हणायचो, यंदा बघू. मग वाटायचं, बघितलं नाही तर नसेलही.”

दुसऱ्यांना ‘वेळेवर तपासून घ्या’ म्हणून रागावणारा हा माणूस. ट्रिनाला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो राग, आणि तो पुढं कित्येक महिने गेला नाही. तिनं आपला डबा उचलला आणि त्या क्लिनिकमधून कायमची बाहेर पडली.

आता निवड खरोखरीची झाली, आणि तिचं मन टेनेसीकडेच ओढ घेऊ लागलं. थॉर्पांचं कॉलेज म्हणून नव्हे. तिथं कुणाला काही ठाऊक नव्हतं म्हणून. तिथं ती चारचौघींसारखी एक विद्यार्थिनी असती. शिकागोत मात्र पहिल्या दिवसापासून ती ‘ती मुलगी’ होणार. पेट्राकिस बाईंचा तर तिला विनाकारण संताप यायचा, जणू तो आजार त्यांनीच तिच्या डोळ्यांत घातला.

आई म्हणाली, “मग जा तिकडं. नको सांगूस कुणाला.”

“बाबांनी तेच केलं ना, आई? आणि तूही.”

आईनं भांडी घासायला घेतली. तिची पाठ हलत होती. मागं न वळता ती म्हणाली, “मी गाडी चालवत राहिले, बाई. मला दुसरं काही सुचलं नाही.”

ते वाक्य ट्रिनाच्या डोक्यात घुमत राहिलं. शेवटी तिनं पेट्राकिस बाईंना फोन केला आणि फटकळपणेच विचारलं, “मी आले तर तुम्हाला डॉक्टर हवी की नमुना?”

“माझ्याकडे नमुने भरपूर आहेत,” पेट्राकिस म्हणाल्या. “अंधाऱ्या खोलीतलं काम तुम्हाला जड जाईल, ते मी आत्ताच सांगते. दिवा लावून ठेवा म्हणून सांगावं लागेल, आणि ते सांगायची लाज वाटेल. पुढं कदाचित हे काम सोडावंही लागेल. ज्यांची नजर कमी झालीय अशा माणसांसाठी आमचा एक विभाग आहे, तिथं तुमचं मन लागेल असं वाटतं. पण माझा अंदाज चुकूही शकतो.”

फोन ठेवल्यावर ट्रिनानं कॉलेजांचा नाही, गावांचा विचार केला. टेनेसीत गाडीशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं. हिवाळ्यात वर्ग सुटेपर्यंत अंधार पडणार, मग रोज कुणीतरी तिला घरी सोडणार, आणि रोज तिला काहीतरी कारण सांगावं लागणार. शिकागोत बस होती, आगगाडी होती, रस्त्याला दिवे होते. कुणाची वाट न बघता ती खोलीवर जाऊ शकत होती. तिनं शिकागोला होकार कळवला. मन मात्र स्वस्थ नव्हतं. घर सोडलं त्या सकाळी बाबा शेतातून आलेच नाहीत.

त्याच हंगामात बीटचा ट्रक मागे घेताना ड्वेननी शेजाऱ्यांची घोडी जवळजवळ चिरडली. घोडीच्या पलीकडे शेजारीण उभी होती, ती त्यांना दिसलीच नव्हती. ते घरी आले, चाव्या जेवणाच्या टेबलावर ठेवल्या आणि आतल्या खोलीत गेले. हे ट्रिनाला आईनं कळवलं. बाबा तिच्याशी धड बोलले ते पुढच्या उन्हाळ्यात.

आता तिचं तिसरं वर्ष चालू आहे. दर वसंतात पेट्राकिस तिच्या नजरेचा घेर मोजतात. यंदा तो थोडा आत सरकला. पहिल्या सहामाहीत ती दिव्याचं बोलली नाही आणि एका रोग्याच्या पायाला अडखळून पडली. त्यानंतर बोलायला लागली. कमी नजरेच्या विभागात तिला काम आवडतं. काही दिवस मात्र तिथून बाहेर पडल्यावर तिला कुणाशी बोलवत नाही.

ड्वेन काठी घेत नाहीत. बीट खुरपायचं लांब दांड्याचं खुरपं घेऊन चालतात. “काठी आंधळ्याची. हे अवजार आहे,” म्हणतात.

थॉर्पांना क्लिनिकसाठी कुणी मिळालं नाही. या शरद ऋतूत त्यांनी ते बंद केलं, आणि लोक चष्म्यासाठी दूर जायला लागले. नाताळला ट्रिना घरी आली तेव्हा पंपावरची बाई डॉक्टरीणबाई म्हणाली नाही. “शिकागोवाल्यांना डॉक्टर कमी आहेत होय?” एवढंच म्हणाली.

चर्चमधून बाहेर पडताना थॉर्प तिच्यासमोर आले, टोपी हातात धरून. फार खंगले होते.

“कसं दिसतंय?”

“मधलं चांगलं आहे.”

“मला एकदा बघू देशील?”

“नको, डॉक्टर. बघणारे आहेत आता.”

त्यांनी मान हलवली. ट्रिनाला वाटलं आणखी काही बोलावं; परत येईन असं नाही, पण निदान त्यांची तब्येत विचारावी. तोवर ते गर्दीत मागे गेले होते. बाहेर अंधारून आलं होतं, ट्रिनाला पायऱ्या दिसेनात. आईनं गाडी दाराशी आणून उभी केली. ड्वेननी खुरप्यानं पायरी चाचपली आणि दुसरा हात ट्रिनाच्या दिशेनं पुढं केला.

“थांब,” ते म्हणाले. “मला मोजून माहीत आहेत पायऱ्या. तू माझ्या मागून ये.”